तिसरं गाव

मामा : एक गोष्ट आधी नीट समजून घेऊ दे. तू मॉरिशसला फिरायला नाही, राहायला जायचं म्हणतेस. आणि कारण विचारलं तर सांगतेस, तामारिन नावाच्या गावासमोर लाट चांगली फुटते. पाटबंधारे खात्यात माझी बत्तीस वर्षं गेली. माणसं गाव का सोडतात त्याची कारणं मला पाठ आहेत, त्यांत हे नाही. पोटासाठी सोडतात, लग्न झालं की सोडतात, शिकायला म्हणून सोडतात, नाहीतर गावच धरणात जातं. नाथसागराच्या पाण्याखाली ज्यांची गावं गेली, ती माणसं नव्या वसाहतीच्या ओट्यावर बसून जुन्या गावाबद्दल बोलायची तेव्हा बोलता बोलता मान आपोआप पाण्याकडे वळायची. कुठं राहायला आवडेल, हे त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं. त्यामुळं ‘आवडतं म्हणून जाते’ हे वाक्य माझ्या कानाला अजून बसत नाही. चूक आहे असं मी म्हणत नाही. बसत नाही एवढंच.

भाची : मामा, कानाला बसायला वेळ लागेल हे मला मान्य आहे. पण ‘लाट चांगली फुटते’ हे तुमच्या तोंडून ऐकलं की खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्यासारखं वाटतं, आणि ते तसं नाही. चार वर्षांपूर्वी मी मुल्कीला गेले होते. मंगळूरच्या वरच्या बाजूला शांभवी नदी समुद्राला मिळते, तिथं २००४ पासून सर्फिंग शिकवतात. पहिले चार दिवस मी नुसती पडत होते. नाकातोंडात पाणी, खांदे भरून आलेले, गुडघे सोललेले. पाचव्या दिवशी उभी राहिले. फार तर पाच सेकंद. त्या पाच सेकंदांत माझ्या डोक्यात एकही वाक्य नव्हतं. मला आठवतं तेव्हापासून माझ्या डोक्यात सतत कुणीतरी बोलत असतं : अभ्यास, नोकरी, बाबांचं आजारपण, कर्जाचे हप्ते. ते पहिल्यांदा गप्प झालं. ते परत मिळवायला मी वर्षातून दोनदा रजा टाकून गाड्या बदलत समुद्र गाठते. आपल्याला सगळ्यात जवळचा समुद्र अडीचशे किलोमीटरांपलीकडे, तोही पावसाळ्यात बंद. काम तर लॅपटॉपवर, कुठूनही होणारं. मग ज्या गोष्टीनं मी शहाणी राहते तिच्याजवळच का राहू नये, एवढा साधा प्रश्न आहे माझा.

मामा : साधा नाही. ‘जवळ राहणं’ आणि ‘राहणं’ यांतला फरक तू गाळते आहेस. पण आधी लाटेबद्दल बोलू, कारण लाटेचं मला अगदीच काही कळत नाही असं नाही. मातीचं धरण बांधताना आम्ही लाटेचाच हिशोब करतो. जलाशयावरून वारा किती लांब धावतो, त्या धावेला आम्ही फेच म्हणतो. वाऱ्याचा वेग आणि फेच यांवरून लाट किती उंच उठेल ते काढायचं मॉलिटर-स्टीव्हन्सनचं सूत्र आहे. फेच बत्तीस किलोमीटरांच्या आत असेल तर एक, बाहेर असेल तर दुसरं. त्यावरून फ्रीबोर्ड ठरतो, म्हणजे भरलेल्या पाण्याच्या वर धरणाचा माथा किती ठेवायचा ते. आणि पाण्याकडच्या उतारावर दगडाचं पिचिंग करायचं, नाहीतर लाट रोज थोडी थोडी माती खाते. भरल्या पावसाळ्यात पैठणच्या भिंतीवर उभं राहिलं की साडेतीनशे चौरस किलोमीटर पाण्यावरून येणारा वारा तोंडावर बसतो आणि खाली दगडांवर लाट आपटत असते. आयुष्यभर मी लाट पाहिली ती भिंतीच्या बाजूनं. तू ती पाण्याच्या बाजूनं पाहतेस. हा फरक मला आवडला, हे आधी सांगून ठेवतो.

भाची : मग तुम्हाला समजावणं सोपं आहे. तुमच्या फेचमध्ये शून्यं वाढवत जा. दक्षिण ध्रुवाकडच्या महासागरात, चाळीस अक्षांशाच्या खाली, वाऱ्याला अडवायला जवळजवळ जमीनच नाही. तिथं वादळ उठलं की त्याची लाट हजारो किलोमीटर चालत येते. दोन लाटांमध्ये पंधरा सेकंदांचं अंतर असेल, तर त्या लाटांचा ताफा ताशी चाळीस किलोमीटरांच्या आसपास पुढं सरकतो. पाच दिवसांत पाच हजार किलोमीटर. केरळात कधीकधी वारा नाही, पाऊस नाही, आकाश स्वच्छ, आणि समुद्र घरात शिरतो. तिथले कोळी त्याला ‘कळ्ळक्कडल’ म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. ती याच दक्षिणेकडच्या वादळांची लाट. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेतून आता तिचा इशारा आधी देतात. मॉरिशस त्या वादळांच्या कितीतरी जवळ, विसाव्या अक्षांशावर. लाट दोन-तीन दिवसांत पोचते, ताजी आणि नेमकी. मे ते ऑक्टोबर तिकडं हिवाळा. तेव्हा आग्नेयेचा वारा अख्ख्या बेटावरून वाहत येतो आणि पश्चिम किनाऱ्यावरून समुद्रात उतरतो. म्हणजे लाट समुद्राकडून येते, वारा जमिनीकडून. वारा लाटेचा माथा धरून ठेवतो, ती लवकर कोसळत नाही. खाली प्रवाळाचा खडक असल्यामुळं लाट रोज त्याच जागी, त्याच वळणानं फुटते. मी इतर ठिकाणंही पाहिली, मामा. श्रीलंकेत वेलिगामाला नोव्हेंबर ते एप्रिल लाट चांगली, मग तिथला समुद्र बिघडतो आणि पूर्वेला अरुगम बेला जावं लागतं. म्हणजे वर्षातून दोन बिऱ्हाडं. पोर्तुगालचं एरिसेरा नावाजलेलं आहे, २०११ साली त्याला सर्फिंगचा राखीव किनारा म्हणून दर्जा मिळाला. पण पाणी थंडगार, बाराही महिने रबरी पोशाखात. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा हा वेगळाच डोंगर. मॉरिशस २०२० पासून बाहेरच्या नोकरीवर जगणाऱ्यांना वर्षभराचा प्रीमियम व्हिसा देतं. हिशोब करूनच मी या निर्णयावर आले आहे.

मामा : हिशोब चांगला आहे, आणि माझी पहिली शंका हिशोबावरच आहे. तू गाव निवडताना एकच रकाना भरला आहेस. या बाबतीत आपल्या मातीत एक धडा आहे. १३२७ साली महंमद तुघलकानं दिल्लीची राजधानी देवगिरीला आणली. कारण काय? राज्याच्या मध्यावर पडते. विचार मूर्खपणाचा नव्हता, नकाशा पाहून कुणीही तेच म्हणालं असतं. फक्त एवढ्या माणसांना रोज पाणी कुठून मिळेल, दिल्लीच्या माणसाचं मन इथं कशात रमेल, हे रकाने कोरे होते. काही वर्षांत माणसं परत निघाली. एका कारणावर निवडलेलं गाव त्या एका कारणापुरतंच सांभाळतं. तामारिनचं बघ. मी वाचलं ते खरं असेल तर तिथली लाट लहरी आहे. दक्षिणेकडून मोठा लोट आला तरच जागी होते, नाहीतर उपसागर तळ्यासारखा पडून असतो. वर्षातले किती दिवस तुला लाट मिळेल? ऐंशी? शंभर? उरलेले अडीचशे दिवस तू कुणाच्या गावात राहणार आहेस?

भाची : तुघलकानं इतरांसाठी गाव निवडलं होतं, मी माझ्यासाठी निवडते आहे, हा फरक लहान नाही. आणि इथल्याच मातीतलं दुसरं नाव तुम्ही का घेत नाही? मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला, एका मालकाकडून दुसऱ्याकडं गेलेला, समुद्र ओलांडून दख्खनेत आणलेला. १६१० साली त्यानं खडकी वसवलं तेव्हा तो साठीत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं स्वतःच्या मनानं जागा निवडली असेल, आणि त्या निवडीवर आज आपलं शहर उभं आहे. परका माणूस कुठूनही येऊ शकतो आणि गाव त्याचं होऊ शकतं, याचा याहून मोठा पुरावा मला कुठं मिळणार? शिवाय समुद्र आपल्याला परका आहे हेही खरं नाही. पैठणचा माल बैलगाड्यांनी वीस दिवसांत भडोचच्या बंदरात पोचायचा, हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक खलाशानं लिहून ठेवलंय. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं गलबत आहे, सतराव्यात सिंहलाची समुद्रयात्रा आहे. वाघूरच्या घळीत बसून कुणीतरी लाटा रंगवल्या, मामा. त्या माणसानं समुद्र पाहिला असेल, नाहीतर तो इतका मनात धरला असेल की पाहिल्यासारखाच झाला.

मामा : अंबरचं नाव तू घेतलंस ते बरं झालं, कारण तो मला माझ्या बाजूनं साक्षीला हवा आहे. खडकीत आल्यावर त्यानं पहिल्यांदा काय केलं? डोंगराच्या पायथ्याचं जमिनीखालचं पाणी शोधलं आणि नहर खोदून ते गावात आणलं. उघड्या कालव्यानं नव्हे, जमिनीखालून, जागोजाग मनोरे उभारून, उतार नीट राखून. वाल्मी या जलव्यवस्थापन संस्थेत प्रशिक्षणाला येणाऱ्या तरुण अभियंत्यांना मी ती नहर दाखवायला न्यायचो. चारशे वर्षांपूर्वीची पातळी पाहून ती मुलं गप्प व्हायची. अंबरला गाव मिळालं ते त्यानं गाव निवडलं म्हणून नाही. त्यानं गावाला पाणी दिलं म्हणून. तू तामारिनला काय देणार आहेस? रागानं विचारत नाही. तुझा व्हिसाच सांगतो की तिथं नोकरी करायची नाही, पैसा बाहेरून आणायचा आणि तिथं खर्च करायचा. म्हणजे कायद्यानंच तू पाहुणी. पाहुण्यानं कितीही दिवस मुक्काम केला तरी पाणी भरायची पाळी त्याच्यावर येत नाही. आणि पाण्याचंच बोलायचं तर नकाशा काढून बघ : बेटाच्या मधल्या पठारावर चार हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस, आणि तुझा पश्चिम किनारा त्याच्या आडोशाला, हजाराच्याही आत. सह्याद्रीच्या आडोशाला मराठवाडा आहे, तसा. जो वारा तुझ्या लाटेचा माथा धरून ठेवतो, तो आपला पाऊस पठारावर सांडून कोरडा झालेला असतो. तामारिनला मिठागरं आहेत ती उगीच नाहीत.

भाची : हे मला माहीत नव्हतं. म्हणजे वारा माहीत होता, पाऊस माहीत होता, दोन्ही मी एकत्र ठेवले नव्हते. थांबा, यावर मी नंतर येते. पण आधी एक सांगते. मी मॉरिशस फक्त लाटेसाठी निवडलं हे पूर्ण खरं नाही. तिथं मराठी माणसं आहेत. १८३४ नंतर मुंबई बंदरातून गिरमिटिया म्हणून गेलेली, बरीचशी रत्नागिरीकडची, सावंतवाडीकडची. तिथं शाळेत मराठी शिकवतात. गणेश चतुर्थीला देशाला सार्वजनिक सुट्टी असते आणि विसर्जन समुद्रात होतं. कोकणातली जाखडी तिथं ‘झाकरी’ या नावानं टिकून आहे. घरात बोलतात क्रिओल, पण गणपतीसमोर मराठी येते. एरिसेराला मी परकीच राहीन. मॉरिशसला निदान कुणीतरी माझं नाव बरोबर उच्चारेल.

मामा : त्या माणसांचा आधार घेण्याआधी त्यांची गोष्ट पुरी ऐक. पोर्ट लुईला आप्रवासी घाट आहे, २००६ साली युनेस्कोनं वारसास्थळ म्हणून नोंदवला. त्या पायऱ्या चढून साडेचार लाखांच्या आसपास माणसं बेटावर आली. त्यांच्यातल्या किती जणांनी समुद्राकडे वळून पाहिलं असेल? ती गेली ती थेट उसाच्या फडात. समुद्र त्यांच्यासाठी परतीची वाट बंद करणारी गोष्ट होती. आणि ऊस म्हटलं की मला आजचं आठवतं. दिवाळीच्या आसपास बीडच्या रस्त्यावर उभी राहा. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत भांडीकुंडी, शेळ्या, कडेवर पोरं, लाखो माणसं ऊसतोडीला निघालेली. नवराबायकोच्या जोडीला तिथं नाव नसतं, ‘कोयता’ म्हणतात. एक कोयता, दोन कोयते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. मराठवाड्यात ‘स्थलांतर’ या शब्दाचा अर्थ हा आहे, पोरी. एकोणिसाव्या शतकात कोकणातला माणूस ऊस तोडायला समुद्रापार गेला, आज आष्टी-पाटोद्याचा माणूस ऊस तोडायला घाटापार जातो. आणि तू त्याच बेटावर लाटेसाठी निघाली आहेस. जाऊ नकोस असं मी म्हणत नाही. तीच वाट आहे एवढं माहीत असू दे.

भाची : मला माहीत आहे. आणि याची मला शरम वाटावी असं तुम्हाला वाटत नसलं तरी ती वाटतेच, कधी कधी. पण मामा, मी इथं राहिले म्हणून एक तरी कोयता कमी होणार आहे का? निवड करता येणं हे थोड्यांच्याच वाट्याला येतं, खरं आहे. म्हणून ज्यांच्या वाट्याला आलं त्यांनी ती करूच नये? आता मी तुम्हाला एक विचारते. स्थलांतराच्या तुमच्या यादीत ‘लग्न झालं की सोडतात’ हे तुम्ही पटकन म्हणून गेलात. ‘माणसं’ सोडत नाहीत, बायका सोडतात. १९९३ साली आई जालन्याहून इथं आली. तिला आणायला मुराळी म्हणून दरवेळी तुम्हीच यायचात. गाव बदलताना तिला कुणी विचारलं होतं का, तिथं पाणी कसं आहे, हवा कशी आहे, तुला तिथं काय करायला आवडेल? आजी भोकरदनहून जालन्याला आली, तिलाही नाही. माझ्या घरातल्या सगळ्या बायकांनी गाव बदललं आहे. एकीनंही निवडलेलं नाही. आपल्या भाषेत बाईला दोनच गावं असतात, माहेर आणि सासर. एक सोडायचं, दुसरं सोसायचं. मला तिसरं गाव हवं आहे, आणि त्यासाठी आपल्याकडं शब्दसुद्धा नाही. ते लाटेसाठी निवडलंय म्हणून तुम्हाला ते हलकं वाटतं. नवऱ्यासाठी निवडलं असतं तर तुम्ही पेढे वाटले असते.

मामा : … हे खरं आहे. वाटले असते. ताईला द्यायच्या आधी घर पाहायला मी वडिलांबरोबर इथं आलो होतो. आम्ही पाहिलं काय, तर नळ आहे का आणि नोकरी कायमची आहे का. तिला गाणं आवडायचं, जालन्याला क्लासला जायची. इथं क्लास कुठं आहे हे पाहायचं आम्हाला सुचलंही नाही. तेव्हा मुलीसाठी गाव निवडताना मीही एकच रकाना भरला होता, हे तुझ्याजवळ कबूल करतो.

पण म्हणूनच तुझ्या तिसऱ्या गावाबद्दल मला जास्त विचारावंसं वाटतं. माहेरात हक्क असतो, सासरात जबाबदारी असते. दोन्ही जाच होऊ शकतात. तरी दोन्हीकडं मेल्यावर चार माणसं जमतात, कारण गुंतणं झालेलं असतं. तुझ्या तिसऱ्या गावात हक्कही नाही, जबाबदारीही नाही. फक्त आवड. आवडीवर गाव उभं राहतं का, ही माझी खरी शंका. लाट की नवरा ही नाही.

भाची : सर्फिंग करणाऱ्यांनी या बाबतीत फार चांगलं वागून दाखवलेलं नाही, हे मीच सांगते. तामारिन जगभर माहीत झालं ते १९७४ च्या एका चित्रपटामुळं. त्या लोकांनी बेटाचं खरं नाव सांगितलंच नाही, गर्दी होऊ नये म्हणून. त्याला ‘सान्तोषा’ म्हटलं, आपलाच शब्द, संतोष. चित्रपटाचं नाव ‘सान्तोषाचं विसरलेलं बेट’. मला त्या नावाची भुरळ पडली होती. तेव्हा सहाच वर्षांपूर्वी स्वातंत्र्य मिळालेला देश, आठ लाखांवर लोक तिथं राहत होते, ऊस तोडत होते, मुलांना शाळेत घालत होते. तो कोण विसरलं होतं? लाट मिळावी म्हणून गावाचं नाव पुसलं. आज तामारिनच्या मागं परदेशी लोकांचे बंगले आहेत, आणि लाटेवर तिथल्या पोरांचा आणि बाहेरच्यांचा खटका उडतो. लाट एका वेळी एकालाच मिळते, मामा. पाण्यात रांग असते, ती कुठं लिहिलेली नसते, पण असते. बाहेरच्यानं मागं थांबायचं. मी सहा महिने, वर्षभर मागं थांबायला तयार आहे. हे मी हलक्यात म्हणत नाही.

मामा : रांगेत मागं थांबणं हे सभ्यपणाचं झालं. मी त्याच्या पुढचं विचारतो आहे. २०२० च्या जुलैत ‘वाकाशिओ’ नावाचं जहाज त्या बेटाच्या आग्नेयेला प्रवाळावर चढलं. ऑगस्टमध्ये हजार टनांच्या आसपास तेल समुद्रात सांडलं. तेव्हा लोकांनी वाट पाहिली नाही. घराघरांतून माणसं निघाली, उसाचं पाचट कापडाच्या पिशव्यांत भरून लांबच लांब नळकांडी शिवली आणि तेल अडवायला पाण्यात सोडली. उसाचं पाचट. ज्या उसासाठी त्यांचे पणजोबा आणले गेले, त्याच उसाचं. मी ते चित्र पाहिलं आणि मला वाटलं, ही माणसं त्या किनाऱ्याची कधी झाली याचं उत्तर इथं आहे. कायदेशीर कागदात नाही. तू मुल्कीला शिकलीस. तिथं किंवा चेन्नईजवळच्या कोवलमला कोळ्यांची पोरं लाटेवर उभी राहतात, स्पर्धा जिंकतात. ती सर्फिंगसाठी समुद्राकाठी राहायला आलेली नाहीत. समुद्र त्यांच्या घरात आधीपासून होता, बोर्ड नंतर आला. मग तू मालवणला का जात नाहीस, किंवा मुल्कीलाच? आपलाच देश. तिथं तुला कुणी पाहुणी म्हणणार नाही, मत देता येईल, काम करता येईल, पोरांना शिकवता येईल. ताईला रात्रीच्या गाडीनं येता येईल.

भाची : हा प्रश्न मी स्वतःला सगळ्यात जास्त वेळा विचारला आहे, आणि माझं उत्तर फार उदात्त नाही. एक तर लाट. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत मासेमारीच बंद असते, तो समुद्र अंगावर घ्यायचा नसतो. उरलेल्या काळात चांगले दिवस असतात, पण माझ्या मनात जी लाट आहे ती लांबून, दक्षिणेच्या वादळातून येऊन खडकावर एका वळणानं फुटणारी. एकदा तिच्यावर उभं राहायचं आहे, पर्यटक म्हणून नाही, ओळखीची म्हणून. दुसरं असं की, मालवणला मी एकटी राहिले तर महिनाभरात घरमालक विचारेल, लग्न का नाही? गल्लीतली काकू विचारेल, आईला एकटं का सोडलं? आपल्या देशात मला पाहुणी म्हणणार नाहीत, ते खरं, पण माझ्याकडं सतत कुणाची तरी मुलगी, कुणाची तरी होणारी बायको म्हणूनच पाहिलं जाईल. परदेशात परकेपणा आहे. मला सध्या थोडा परकेपणा हवा आहे. तुम्ही म्हणता ते गुंतणं मला नको आहे असं नाही. ते मी स्वतःहून करावं, आधीच बांधून मिळू नये.

मामा : हे मला कळलं. याचं उत्तर माझ्याकडं नाही, आणि आपल्या गल्लीकडंही नाही. पण परकेपणा हवा असेल तर मराठी माणसांचा आधार का मोजलास? दोन्ही एकदम मागता येणार नाही. गणपतीला आपली माणसं, एरवी कुणी विचारणारं नको, असं गाव कुठल्याच बेटावर नाही. तिथल्या मराठी घरातली एखादी आजी तुला पहिल्याच चतुर्थीला विचारेल, आई कुठं आहे? क्रिओलमध्ये विचारेल, पण विचारेल.

भाची : विचारू दे. तिला उत्तर देणं मला इथल्यापेक्षा सोपं जाईल. का ते मला नीट सांगता येत नाही. कदाचित तिचे पणजोबाही कुणालातरी मागं ठेवून आले होते म्हणून.

आणि तुमच्या पावसाकडं येते, मघाशी थांबले होते. तुम्ही म्हणालात, माझ्या लाटेला सरळ ठेवणारा वारा हा पाऊस सांडून कोरडा झालेला वारा असतो. मी तीन वर्षं त्या किनाऱ्याचे नकाशे, लाटांचे आलेख पाहते आहे. वारा कुठून येतो हे मला तासातासानं माहीत असतं. तो येताना कुणाचं पाणी कुठं टाकून आला हे मी एकदाही पाहिलं नाही. आठवडा-आठवडा नळाची वाट पाहणाऱ्या शहरात मी वाढले, तरी पाहिलं नाही. ‘काय देणार’ याचं उत्तर आज माझ्याकडं नाही. तुमच्यासारखं मला नहर खोदता येत नाही. पण जिथं जाईन तिथं नळाला पाणी कुठून येतं आणि कुणाकडं येत नाही, हे लाटेच्या आलेखाइतकंच रोज पाहीन, एवढं म्हणू शकते. ते पुरेसं आहे का?

मामा : पुरेसं आहे की नाही ते तिथली माणसं ठरवतील, मी नाही. माझं एक ऐकशील? व्हिसा वर्षाचा आहे ना, मग मे महिन्यात जाऊ नकोस. जानेवारीत जा.

भाची : जानेवारीत? तो तिथला चक्रीवादळांचा हंगाम, मामा. २०२४ च्या जानेवारीत बेलाल वादळ आलं तेव्हा पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहत गेल्या. उकाडा, पाऊस, आणि तामारिनला लाट जवळजवळ नाहीच. आली तरी वादळाची, तिच्यावर उभं राहता येत नाही.

मामा : कुठल्याही धरणाची जागा पाहायला आम्ही दोनदा जायचो. एकदा पुरात, एकदा मे महिन्यात. हिवाळ्यात सगळ्याच जागा चांगल्या दिसतात. जानेवारी ते एप्रिल तिथं राहा, शेजारची बाई दारं-खिडक्यांना फळ्या कशा ठोकते ते बघ, तिला मदत कर. त्यानंतरही मेमध्ये तुला तिथंच राहावंसं वाटलं तर मी ताईची समजूत काढीन.

भाची : आणि नाही निघाली तर?

मामा : तिची समजूत निघेल. मला काळजी आहे ती वेगळीच. पाणी सुटण्याची वेळ ठरलेली नसते. कधी रात्री दोनला, कधी पहाटे. ताईचे गुडघे आता जिना चढत नाहीत, आणि मोटार लावून गच्चीवरची टाकी भरली का ते वर जाऊनच पाहावं लागतं. गेली दोन वर्षं ते तू पाहतेस.

भाची : मोटार आपोआप बंद होईल असं यंत्र बसवता येतं. मी चौकशी केली आहे.

मामा : बसवता येतं. पाणी सुटलंय हे कळायला मात्र कुणीतरी जागं असावं लागतं.

भाची : हो. त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.